डावीकडे सात, उजवीकडे चार

“डावीकडे सात, उजवीकडे चार,” असं म्हणून बाई पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवायच्या आणि डोळे घट्ट मिटून तशाच बसून राहायच्या. रोज सकाळी अकरा वाजता. माल न्यायला आलेला एक नवा टेम्पोवाला त्या वेळी दारात उभा होता. त्याला वाटलं, आपल्यालाच सांगतायत. त्याने मुकाट्याने डाव्या अंगाला सात खोकी लावली, उजव्या अंगाला चार, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाला, “मॅडम, गाडी एका साइडला झुकतेय. पण मोठ्या मॅडम बोलल्या म्हणून लावली.”

ते आकडे खोक्यांचे नव्हते, बाईंच्या दातांचे होते. गार पाणी लागल्यावर किती कळ गेली, याला त्या दहापैकी गुण द्यायच्या. शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, “मेलेली आजी समोर दिसते.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुखणं आलं की ती कण्हत नाहीत, वही काढतात.

आमचा कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीत, अगदी लहान. पर्सला आणि बॅगांना ज्या लोखंडी कड्या लागतात, त्यांच्यावर निकेल चढवायचं काम. कड्या आधी अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवून गंज काढायचा, मग पाण्यातून धुवून निकेलच्या टाकीत सोडायच्या. बाहेर येताना त्या आरशासारख्या लखलखायच्या. मी डिस्पॅचला. उल्हासनगर कॅम्प चारहून शेअर रिक्षाने यायचं, कड्या मोजायच्या, खोकी भरायची, चलन फाडायचं. बाई बदलापूरच्या, जुन्या कुळगावातल्या. शेतीचं घर, त्यातून शिकून बी.एस्सी. झालेल्या. टाक्यांमधलं पाणी जसं हवं तसं आहे की नाही, हे तपासणं त्यांचं काम. टाक्यांच्या शेजारी प्लायवूड ठोकून एक केबिन केली होती. तिला आम्ही लॅब म्हणायचो, म्हणजे बाईंसमोर म्हणायचो. तिथे त्या काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडायच्या, रंग पालटला की थांबायच्या आणि आकडा लिहायच्या. पंचवीस वर्षं हेच. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्यासमोर काढला तर आईवरून शिवी दिल्यासारखं बघायच्या.

दातांचं प्रकरण एका उन्हाळ्यात सुरू झालं. पॅकिंगमधल्या एका ताईला नात झाली म्हणून तिने सगळ्यांना कुल्फी आणली. बाईंनी एक घास तोडला, उभ्या राहिल्या, केबिनमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, “कुल्फी चांगली आहे.”

आपल्याकडे दात दुखतो म्हणायचा अवकाश, प्रत्येकाच्या खिशातून एकेक औषध बाहेर पडतं. वॉचमनने बाभळीची काडी तोडून आणली. नात झालेली ती ताई बुवापाड्याहून लवंगेच्या तेलाची बाटली घेऊन आली. अकाउंटवाले काका रोज सकाळी तिळाचं तेल तोंडात धरून बसतात असं कळलं, आणि ते दहापर्यंत कोणाशी बोलत का नाहीत याचा उलगडा झाला. अ‍ॅसिडच्या टाकीवरच्या मामांनी खडे मीठ आणि मोहरीचं तेल सुचवलं. बाई कोणालाच नाही म्हणायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, “किती दिवसांत? कुठल्या दाताला? आधी किती होतं?” औषध देणारा तिथून काढता पाय घ्यायचा.

लवंगेच्या तेलाने दात अर्धा तास बधिर झाला आणि जीभ दोन तास. त्या दिवशीचा रिपोर्ट त्यांनी मला तोंडी सांगितला, त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. वहीत नोंद झाली : गुण आहे, टिकत नाही.

घरी तर वेगळाच थाट. “माझी सासू जन्मभर मिश्री लावते,” बाई सांगायच्या. “अजून ऊस दाताने सोलते.” मग थोडं थांबून, “आणि मी बी.एस्सी.”

शेवटी त्या बदलापुरातल्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने आरसा घालून पाहिलं आणि विचारलं, “काकू, लिंबू फार खाता? कोल्ड्रिंक? पित्त होतं, उलट्या होतात?” बाई सगळ्याला नाही म्हणाल्या. “कमाल आहे,” ती म्हणाली. “पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्यात. वरचं कवचच झिजलंय.” तिने दातांना लेप लावला. बरोबर हेही सांगितलं की अशा दुखण्यावर दोन तऱ्हेच्या पेस्ट मिळतात. एक आतली नस शांत करते, दुसरी दातावरची बारीक छिद्रं बुजवते.

“चांगली कुठली?” बाईंनी विचारलं.

“ज्याला जी लागू पडेल ती.”

हे उत्तर बाईंना चालणं शक्यच नव्हतं. लेपाचा गुण तीन आठवडे टिकला. तो उतरल्यावर त्यांनी दोन्ही पेस्ट आणल्या, दोन ब्रश आणले, आणि डावीकडे एक, उजवीकडे दुसरी असा प्रयोग लावला. नोंदी करायला माझी नेमणूक झाली, कारण स्वतःच्या दुखण्याचा आकडा स्वतः लिहिला तर हात खोटं बोलतो असं त्यांचं मत. अकरा वाजता मी वही घेऊन केबिनमध्ये जायचे. बाई गार पाण्याचा घोट आधी डाव्या गालात धरायच्या, मग उजव्या.

“आज जास्त वाटतंय,” एकदा मी त्यांचा चेहरा बघून म्हटलं.

“मी सांगितला तो लिही गो. तुला वाटला तो नाय.”

एरवी बाईंचं मराठी पुस्तकातलं. पण प्रयोगात कोणी ढवळाढवळ केली की कुळगाव बाहेर यायचं.

सहा आठवडे एक पद्धत, मग पेस्टींच्या बाजू बदलून आणखी सहा आठवडे. आकडे थोडे हलले, पण डावी बाजू कायम वरचढ. पेस्ट कुठलीही लावा, डावीकडे सात, उजवीकडे चार. फार तर सहा आणि तीन. बाई वही घेऊन डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरने सगळी पानं उलटून पाहिली, हसू दाबलं आणि म्हणाली, “काकू, लाळेला डावं-उजवं कळत नाही हो. दोन्ही पेस्ट तोंडभर फिरणारच. आणि तुम्ही उजव्या हाताने घासता ना? डावीकडे जोर जास्त पडतो. तिथली हिरडी मागे सरकलीय.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी गेले तर बाई ग्लास न भरता बसल्या होत्या. “तीन महिने मी पेस्ट नाय मोजली,” त्या म्हणाल्या. “हात मोजला.”

मला वाटलं, सुटले. आता वही बंद. पण त्यांनी मऊ ब्रश आणला, दोन्हीतली एकच पेस्ट ठेवली, आणि आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

मग दिवाळी आली. कारखाना दहा दिवस बंद. उघडला त्या दिवशी बाईंनी सुट्टीतले आकडे स्वतःच लिहून आणले होते, नाइलाज म्हणून. डावीकडे चार, उजवीकडे दोन. मी म्हटलं, “बघा, मऊ ब्रशचा गुण!” बाई खूश होत्या. दहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कॅन्टीनमधून माझ्यासाठी चहा मागवला.

चार दिवसांनी आकडा पाच आणि तीन झाला. आठवड्याने सात आणि चार. ब्रश तोच, पेस्ट तीच, हात तोच.

“फराळाचं बाधलं असेल,” अकाउंटवाले काका म्हणाले.

“फराळ सुट्टीत खाल्ला,” बाई म्हणाल्या. “तेव्हा कमी होतं. आता डब्यातली भाजीपोळी खाते, तर जास्त.” हे बोलता बोलता त्या थांबल्या. केबिनमध्ये गेल्या. एरवी त्यांची खुर्ची टेबलाकडे तोंड करून असायची, ती त्यांनी फिरवली आणि टाक्यांकडे बघत बसल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिटमसचे निळे कागद काढले. शाळेत तुम्ही पाहिले असतील, अ‍ॅसिड लागलं की लाल होतात ते. ओले करून एक कागद अ‍ॅसिडच्या टाकीवर दोऱ्याने टांगला, एक केबिनमध्ये, एक माझ्या टेबलावर. टाकीवरचा उभ्या उभ्या लाल झाला. केबिनमधला चहा येईपर्यंत. माझा मात्र त्या दिवसभर ओला करत राहिल्या, आणि संध्याकाळी घरी निघताना मी पाहिलं तर त्याच्या कडा गुलाबी होत होत्या.

“म्हणजे काय, बाई?”

“डॉक्टर विचारत होती ना, लिंबू खाता का म्हणून? मी लिंबू खात नाय गो. मी लिंबात राहते.”

मी नकळत दातांवरून जीभ फिरवली. तुम्हीही आता फिरवली असेल.

मग बाईंनी टाकीवरच्या लोकांना ओळीने उभं केलं आणि दात दाखवायला लावले. माणसं लाजत होती, एकमेकांना ढकलत होती. मामा तर तयारच होईनात. ते टाकीवर सगळ्यात जुने. मी त्यांना दहा वर्षं ओळखत होते आणि दहा वर्षं खडूस समजत होते, कारण गंमत कितीही मोठी असो, ते ओठ मिटूनच बसायचे. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. शेवटी मामांनी तोंड उघडलं. वरचे पुढचे चार दात निम्मेच उरले होते, कोणीतरी कानस मारल्यासारखे तिरके.

“वयाचं असतं ते, बाई,” मामा म्हणाले. “आणि तंबाखू.”

“तंबाखूने दात काळे होतात, मामा. आखूड नाय होत.”

मामांनी ओठ मिटले. ओळीतले बाकीचे, आत्तापर्यंत हसणारे, एकेक करून मागे सरकले.

बाई वही आणि ते तीन कागद घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेल्या. मला साक्षीदार म्हणून बरोबर नेलं. शेठ वाईट माणूस नव्हता. प्रत्येकाच्या घरच्या लग्नाला यायचा, जेवून जायचा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. कागद उजेडात धरून पाहिले. बाई म्हणाल्या, टाकीवरची हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवायला हवा. भिंतीवरचा साधा नको. पाइपवाला, मधेच वाफ धुवून काढणारा, नाहीतर आपल्या दातातलं शेजाऱ्याच्या दातात.

“ठीक है, देखते हैं,” शेठ म्हणाला. “लेकिन बाई, तुम्ही एवढं टेस्टिंग केलं. सच बोलो, पेस्ट कौनसी बेस्ट निकली?”

इथे बाईंनी गप्प बसायला हवं होतं. पण आलेला निकाल लपवणं त्यांना जमत नसे. “प्रयोग फसला होता, आणि फरकही फारसा नाही,” त्या म्हणाल्या. “पण छिद्रं बुजवणारी थोडी उजवी.”

“बस!” शेठ म्हणाला आणि नाव लिहून घेतलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, आणि जिलेबीच्या पुड्यासोबत प्रत्येकाला शेठच्या हस्ते एकेक टूथपेस्ट मिळाली. कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आहे : मागे तिरंगा, पुढे आम्ही सगळे, हातात पेस्ट. लोक खरोखर खूश होते. एवढ्या वर्षांत दातांसाठी कोणी काही दिलं नव्हतं. “बाईंमुळे मिळाली,” असं म्हणून दोघातिघांनी बाईंचे आभारही मानले. फोटोत बाई कडेला आहेत. एका हातात जिलेबी, एका हातात पेस्ट, आणि चेहरा असा की दोन्हीपैकी काय जास्त झोंबतंय ते ठरवता येत नाही.

“मी पंखा मागितला होता गो,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर महिनाभर पंख्याचा विषय निघाला नाही. त्याच महिन्यात माझ्यावर वेगळंच संकट आलं. आमच्या कड्या घेणाऱ्या पार्टीकडून माल परत येऊ लागला. कड्यांवर तपकिरी ठिपके. शेठचं म्हणणं, खोकी दमट असतात, पॅकिंग बेफिकीर, म्हणजे दोष माझा. दुसऱ्यांदा माल परत आला तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, “तिसरी बार हुआ तो डिस्पॅचला दुसरं माणूस बघावं लागेल.” मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले आणि तोंड धुवून बाहेर आले. बाई दारातच उभ्या होत्या.

“रडू नको. बारा कड्या दे. टाकीतून आत्ता निघालेल्या.”

सहा कड्या त्यांनी केबिनमध्ये दोऱ्याला टांगल्या. सहा डब्याच्या पिशवीत घालून कुळगावला नेल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगल्या. सासूबाईंनी विचारलं, तोरण कशाचं? पाच दिवसांनी बाई त्या सहा कड्या परत घेऊन आल्या. बाराच्या बारा शेठच्या काचेच्या टेबलावर दोन ओळींत मांडल्या. एक ओळ लखलखीत. दुसरीला गोवर उठलेला.

“या माझ्या घरच्या खिडकीतल्या. या आपल्या केबिनमधल्या. पॅकिंग कोणाचंच केलेलं नाय.”

शेठ खुर्चीतून उठला. पंचवीस वर्षांत बाईंसाठी तो पहिल्यांदाच उठला असेल. “पूरा माल ऐसा हो सकता है?”

“होतोच आहे,” बाई म्हणाल्या. “जी हवा दात खाते ती कडीपण खाते.”

त्याच संध्याकाळी पंखेवाला माप घ्यायला आला.

माझी नोकरी वाचली. रिक्षापर्यंत चालताना मी बाईंना विचारलं, “मामांच्या दातांचं सांगितलं तेव्हा पेस्ट दिली, आणि कड्यांसाठी लगेच पंखा. तुम्हाला राग नाही आला?”

“दाताला गिऱ्हाईक नाय, कडीला आहे,” त्या म्हणाल्या. “मला पंखा हवा होता. तो कोणाच्या नावाने आला, याच्याशी दाताला काय करायचंय?”

पण पंख्याला जागा लागते. पंखेवाला दोनदा फेरी मारून म्हणाला, “मोटर टाकीच्या बाजूलाच बसवावी लागेल. ये केबिन निकालना पडेगा.” शेठने बाईंकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. बाईंनी पंखेवाल्याच्या हातातल्या टेपचं टोक घेतलं आणि स्वतः भिंतीला लावून धरलं.

“टेबलापर्यंत नको मोजू,” त्या त्याला म्हणाल्या. “टेबल जाणार आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत घे, म्हणजे नंतर कमी पडलं म्हणून अंदाजे काही करणार नाहीस.”

केबिन दोन दिवसांत निघाली. टेस्टिंग उल्हासनगरच्या एका बाहेरच्या लॅबकडे गेलं. बाईंना सांगितलं, आठवड्यातून दोन दिवस या. मग सांगितलं, गरज लागली की फोन करतो. निरोपसमारंभ झाला नाही, कारण बाई गेल्या असं कोणी म्हणालंच नव्हतं. मामा मात्र रोज सकाळी शेठच्या केबिनसमोरून जाताना थांबायचे आणि विचारायचे, “बाईंना फोन लावला का?” असं त्यांनी किती दिवस केलं, मी मोजलं नाही. शेठने एक दिवस केबिनला पडदा लावून घेतला.

गुढीपाडव्यानंतर मी कुळगावला गेले. बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला आधी पाणी दिलं, माठातलं, आणि स्वतःही प्यायल्या. मी बघत राहिले.

“दोन्हीकडे दोन,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरने झिजलेल्या कडा भरून दिल्या. पण गेलेलं कवच परत येत नाय. मामांना पाठव तिच्याकडे. मी बोलून ठेवलंय.”

मला एक प्रश्न पडून राहिला होता, तुम्हालाही पडला असेल. “बाई, मग शेवटी पेस्ट कुठली घ्यायची?”

“कुठलीपण घे, दुखण्यावरची. पण महिनाभर लाव, दोन दिवसांत टाकून देऊ नको. मऊ ब्रश घे. भांडी घासल्यासारखे दात घासू नको. लेप लावला तर लवकर आराम पडतो, पण परत परत लावावा लागतो. आणि दुखणं कुठून येतंय ते आधी बघ. मी शेवटी बघितलं.” मग सूप झटकत म्हणाल्या, “पंखा चालतो ना?”

“चालतो.”

“मग झालं.”

त्यांना परत बोलावतील का, हे विचारायला मी गेले होते. ते त्यांनी विचारूच दिलं नाही. निघताना पायलीभर तांदूळ पिशवीत घातले आणि वेशीपर्यंत आल्या.

पंखा चालतो, हे खरं. पण त्याचा आवाज फार आहे. त्या मोटरजवळ दोन माणसांना बोलायचं तर ओरडावं लागतं. शेठ बाहेर गेला की कोणी ना कोणी बटण बंद करतं. मी उठून लावते, ते वैतागतात. परवा दुपारी खुद्द मामाच गेले आणि खटकन बंद केला. नव्याने भरलेल्या दातांनी ते आता हसतात वगैरे, पण परवा हसत नव्हते. डोकं उठलं होतं त्यांचं.

एकदम शांत झालं. इतकं, की अ‍ॅसिडच्या टाकीत कड्या सोडल्यावर होणारा बारीक फसफस आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. तो आवाज पंख्याआधीही असणार, पण आम्ही कोणीच कधी त्याकडे कान दिला नव्हता. सगळ्यांचे हात थांबले. मी उठायच्या आत मामा मागे वळले, बटण दाबलं, आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. पण पंखा सुरू झाला होता, मला ऐकू आलं नाही.